मागचा आरसा

तीस वर्षं हे डोकं माझ्या हाताखालचं.
क्लाक्सविकला, बंदराच्या रस्त्यावर माझं दुकान,
खुर्च्या दोन, त्यातली एक कायमची मोडकी,
आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
जाळ्यांच्या गोदामातून सुटला की येणारा रोआल्दुर.

केस असे की कात्री बोथट व्हावी.
पन्नाशीतही कपाळावरची रेघ जागची हललेली नाही.
भाऊ तिघे, हेइनी, तुम्मास, सोर्ली,
तिशीतच तिघांची डोकी उघडी पडली.
ते म्हणत, आमच्या वाटचे सगळे यानेच घेतले.
हसत म्हणत.
दाढीवरून मात्र काही म्हणत नसत,
कारण दाढी नव्हतीच.
माझा वस्तरा त्याच्या गालाला कधी लागला नाही,
आणि आम्ही दोघं हवामानावर बोलायचो.
इथे हवामान पुष्कळ असतं.

मागल्या वर्षी, डोकं दुखतं म्हणून
त्याला कोपनहेगनला पाठवलं.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यावर एक गाठ. विशीपासूनची असावी, डॉक्टर म्हणाले.
साधीच गाठ. पण उंबऱ्यात बसून
तिने एक निरोप कधी पुढे जाऊच दिला नव्हता.
गाठ काढली, तरी निरोप निघेना.

आता रोज सकाळी तो बाटलीचं तोंड दोनदा दाबतो.
गार, स्पिरिटच्या वासाचं जेल,
एक खांदा, दुसरा खांदा,
सुकेपर्यंत उघडाच उभा राहतो खिडकीशी.
पुतणीचं बाळ उचलायचं तर आधी सदरा,
आधी साबणाने हात.
हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं.
तीस वर्षांत इतकं बोलला नव्हता.

मार्चमध्ये आला आणि म्हणाला, दाढी करशील?
त्रेपन्नाव्या वर्षी मिसरूड फुटलेलं.
मी पाणी जरा जास्तच तापवलं.
इतर पुरुष फेस लावला की डोळे मिटतात.
याने मिटले नाहीत.

आणि मग जूनपासून केस.
आधी टॉवेलवर दिसले.
मग भांगाच्या दोन्ही बाजूंनी कपाळ वर सरकलं,
आणि मागे, भोवऱ्यापाशी, नाण्याएवढी एक जागा.
मला दिसत होती. त्याला दिसणार नव्हती.
केस कापून झाले की मी हातातला आरसा मागे धरते,
सगळ्यांनाच धरते.
जूनमध्ये धरला नाही.
जुलैमध्ये म्हटलं, तडा गेलाय.
ऑगस्टमध्ये काही म्हटलंच नाही,
नुसता त्याच्या मानेवरून ब्रश फिरवत राहिले.
या हाताने द्यायचं, त्या हाताने काढून घ्यायचं,
हे कसलं औषध, असं मनातल्या मनात
कोपनहेगनशी भांडत.

सप्टेंबरमध्ये तो म्हणाला,
सुन्वा, आरसा.

धरला.
तडा नव्हता, ते त्याला दिसलंच.
मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे.
यावर गोळ्या असतात म्हणे, मी म्हणाले,
विचार एकदा डॉक्टरांना.
विचारलंय, म्हणाला, आणि पुढे काही बोलेना.
बाहेर कुणीतरी पिंपं गडगडवत नेत होतं,
ते संपेपर्यंत थांबला.

मग म्हणाला,
लहान होतो तेव्हा नावेत मी नाळेशी बसायचो.
बाबा वल्ही मारायचे, त्यांची पाठ माझ्याकडे.
त्यांचा चेहरा फोटोत आहे, सगळ्यांनी पाहिलाय.
हे मात्र मी एकट्याने बघितलेलं.
ऊन पडलं की तापायची ही जागा.
एकदा हात ठेवला होता मी तिच्यावर.
ते काही बोलले नाहीत, वल्हवत राहिले.

मी आरसा धरूनच होते. हात भरून आला होता.

भावांना सांगू नकोस, तो म्हणाला,
नाताळात जेवायला बसताना टोपी काढेन,
तेव्हा बघू देत.
टोपी चढवून निघाला,
आणि पुलापर्यंत जाऊन परत आला,
पैसे द्यायचे राहिले होते.